देहवय एकोणचाळीस

दुपारचं जेवण झालं की इन्स्पेक्टर आरामखुर्चीत जात आणि तिथून थेट झोपेत. बायको समोरच्या खिडकीशी बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायची आणि हाताबरोबर तोंडही चालू ठेवायची. कोणाच्या गॅलरीत नवीन कुंडी आली, कोणाची सायकल पुन्हा पंक्चर झाली, समोरच्या घरातलं भांडण कुठवर आलं, सगळं. पहिली दोन वाक्यं इन्स्पेक्टर शुद्धीवर ऐकत. तिसऱ्याला "हं" म्हणत. हा "हं" इतका भरदार आणि समजूतदार असायचा, की त्याच्यामागे एक जबाबदार नवरा जागा बसलेला आहे अशी कोणाचीही खात्री पटावी. प्रत्यक्षात तोवर ते निघून गेलेले असत. नोकरीतल्या साऱ्या सुट्ट्या आणि निवृत्तीनंतरच्या झाडून साऱ्या दुपारी अशाच गेल्या होत्या आणि त्याबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती. निदान इन्स्पेक्टरांची तरी नव्हती.

इन्स्पेक्टर म्हणजे पोलिसातले नव्हेत, वजनमापे खात्यातले. आयुष्यभर त्यांनी दुकानांतले काटे तपासले, खऱ्यावर शिक्का मारला आणि खोट्याला दंड ठोकला. नुसतं "इन्स्पेक्टर" म्हटलं की समोरचा जरा सावरून बसतो हे त्यांच्या लक्षात आलेलं होतं, म्हणून पुढचा खुलासा ते विचारल्याशिवाय करत नसत. पितळी वजनांची एक जुनी पेटी त्यांनी कपाटात जपून ठेवली होती. अधूनमधून ते ती काढून पुसत आणि जगात अजून काहीतरी बरोबर आहे हे पाहून परत ठेवत.

अलीकडे मात्र त्यांच्या झोपेला बरकत आली होती. त्यांना स्वप्नं पडायला लागली होती, आणि तीही अशी देखणी की जागं होताना वाईट वाटावं. रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याला फूल यायचं, रंगीत कडांचं, हळूहळू उमलणारं. आभाळात दोन चंद्र असायचे, एकमेकांना खेटून, बाकावर बसल्यासारखे. झाडं धुरासारखी विरत जायची आणि त्यांच्याखालून माणसं चालायची, ज्यांना चेहरे नव्हते पण सगळी ओळखीची होती. चहाच्या वेळी इन्स्पेक्टर हे बायकोला रंगवून सांगत. ती त्यांच्याकडे जरा वेळ बघत राही, "असं? छानच की," म्हणे आणि कपबशा उचलून आत जाई. आपल्याला पडतात तशी स्वप्नं तिला पडत नसणार, म्हणून ती मनातून जराशी खट्टू होत असेल, असा इन्स्पेक्टरांनी सोयीस्कर अर्थ काढला होता.

अशा या सुखात आरोग्य विम्याचा एजंट शिरला. तो दरवर्षी यायचा, चहा प्यायचा, चेक घेऊन जायचा. या वर्षी त्याने चहाला नको म्हटलं, तेव्हाच इन्स्पेक्टर सावध झाले. आकडा पाहिल्यावर तर त्यांना तो कोणाचा तरी फोन नंबर वाटला. वयाचा टप्पा ओलांडलात साहेब, असं एजंट म्हणाला, आणि हे त्याने असं म्हटलं की जणू इन्स्पेक्टरांनी रात्री कोणाची भिंत ओलांडली होती. दोघांची पॉलिसी एकच. त्यात जो वयाने मोठा, त्याच्या वयावर दोघांचा हप्ता ठरतो. म्हणजे सहासष्ट वर्षांच्या इन्स्पेक्टरांमुळे बायकोचंही महाग झालं होतं.

इन्स्पेक्टरांचा स्वाभिमान दुखावला. गेली कित्येक वर्षं ते हप्ते भरत होते आणि एवढ्या काळात कंपनीकडून त्यांनी साधी मलमपट्टीसुद्धा घेतली नव्हती. छत्री विकणाऱ्याने वर्षभर उन्हात पैसे घ्यावेत आणि आभाळ भरून आलं की किंमत वाढवावी, यातला हा प्रकार, असं त्यांनी एजंटला सुनावलं. एजंट नम्रपणे म्हणाला, की आभाळ भरून आल्यावरच छत्र्या मोडतात. पॉलिसी सोडायची सोय नव्हती, कारण या वयात एकदा बाहेर पडलं की पुन्हा कोणी आत घेत नाही. एक मार्ग होता. दोघांपैकी एकाचं नाव काढायचं.

"माझं काढा," बायको लगेच म्हणाली. "मला काय होतंय?"

हे म्हणताना ती एजंटच्या कपात साखर घालत होती. त्याने आता भीड म्हणून चहा घेतला होता. एक घोट घेऊन तो बराच वेळ कपाकडे बघत राहिला आणि काही न बोलता त्याने तो संपवला. नंतर इन्स्पेक्टरांनी आपला कप तोंडाला लावला तेव्हा त्यांना कळलं, की चहात मीठ होतं. एजंट माणूस म्हणून वाईट नव्हता.

बायकोचं नाव काढायची कल्पना इन्स्पेक्टरांना काही केल्या पचेना. बाहेर पाऊस असताना एकाने घरात बसायचं आणि दुसऱ्याने पायरीवर उभं राहायचं, असं काहीतरी त्यांच्या डोळ्यांसमोर यायचं आणि पायरीवर ती असायची. "मला काय होतंय" हे तिचं म्हणणं खरंच होतं. गेल्या कित्येक वर्षांत ती आजारी पडल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पण ती कोणत्याही गोष्टीत लहान वाटा स्वतःकडे ओढून घ्यायची, आणि या वेळी तो तिला ओढू द्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं. त्यांनी एजंटला स्वतः होऊन फोन केला.

एजंटने आनंदाने एक नवी योजना काढून दाखवली. जन्मतारीख विसरा, असं तिचं म्हणणं होतं. कंपनी दोघांतल्या मोठ्या माणसाच्या शरीराचं वय मोजणार, त्याला देहवय म्हणणार आणि त्याप्रमाणे हप्ता लावणार. पत्रकावर एक पांढऱ्या केसांचं जोडपं दात दाखवत सायकलवर बसलेलं होतं. मोजमापाचं नाव निघाल्यावर इन्स्पेक्टरांचं जुनं रक्त जागं झालं. एकदा देहवय स्वीकारलं की मग जे येईल ते बंधनकारक, हे वाक्य एजंटने पत्रक घडी करता करता सांगितलं.

तपासणी केंद्र थंडगार होतं. निळसर पडदे, मंद गुणगुणणारी यंत्रं आणि कापसावर चालल्यासारखी चालणारी माणसं. दुपारी भरपेट जेवून दोघं तिथे पोहोचले. तपासनीस बाईंनी इन्स्पेक्टरांना चालायला लावलं, एका पायावर उभं केलं, नळीत फुंकर मारायला सांगितली. यांतलं काही फारसं जमलं नाही. इन्स्पेक्टर मधून मधून यंत्रांना प्रदक्षिणा घालत होते. यांवर शिक्का कुठाय, ही कोणी आणि कधी पडताळली, असं ते विचारत होते. तपासनीस बाईंनी इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न ऐकला नव्हता. शेवटी त्यांनी इन्स्पेक्टरांना एका लांबलचक मऊ खुर्चीत निजवलं, बोटाला चिमटा आणि दंडाला पट्टा लावला आणि शांत पडून राहायला सांगितलं. देहवयात या खुर्चीचाच वाटा सगळ्यांत मोठा होता.

बायको शेजारच्या स्टुलावर बसली. हाताला काही काम नव्हतं म्हणून तिने इन्स्पेक्टरांच्या शर्टाची घडी घातली आणि सवयीने बोलायला लागली. तिसऱ्या वाक्याला इन्स्पेक्टर "हं" म्हणाले.

जाग आली तेव्हा तपासनीस बाई यंत्राकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघत होत्या. नाडी तळ्यातल्या पाण्यासारखी होती, श्वास बाळासारखा. चालणं, फुंकर, एक पाय, सगळं धरूनसुद्धा यंत्र म्हणत होतं, एकोणचाळीस.

घरी येताना इन्स्पेक्टर मागे मागे चालत होते. एजंट रस्त्यातच नाचायचा बाकी होता, बायकोही हसत होती, पण इन्स्पेक्टरांना आतून काहीतरी टोचत होतं. आपण एकोणचाळीसचे नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आयुष्यभर त्यांनी असले काटे जप्त केले होते. कपाटातल्या पेटीकडे पाहायची त्यांना लाज वाटायला लागली. काटा खोटा आहे, कंपनीला कळवलं पाहिजे, असं ते दुसऱ्या दिवशी बायकोला म्हणाले.

"आयुष्यात पहिल्यांदा एखादं माप आपल्या बाजूने चुकलंय," ती म्हणाली. "जरा गप्प बसा की."

त्यांना गप्प बसायची संधी मिळाली नाही, कारण कंपनी स्वतःच बोलली. सहासष्टच्या माणसाचं एकोणचाळीस येतं म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय, असं तिथल्या संगणकाचं मत पडलं होतं. फेरतपासणी होणार होती. त्यातही ती सकाळी होणार होती, आणि दोघांचीही होणार होती. वहिनींचीही एकदा नाडी बघू, असं कंपनीतले साहेब म्हणाल्याचं एजंटने सांगितलं.

सकाळी इन्स्पेक्टर जन्मात कधी झोपले नव्हते. खात्यात सकाळ म्हणजे धाडीची वेळ. आणि मोजणीच्या खुर्चीत ते टक्क जागे राहिले तर देहवय काय येईल याचा नेम नव्हता, आणि जे येईल ते बंधनकारक होतं. मग बायकोचं नाव काढण्यावाचून इलाज राहणार नव्हता. टोचणी बाजूला ठेवून इन्स्पेक्टरांनी सकाळच्या झोपेचा सराव करायचं ठरवलं, आणि ही गोष्ट त्यांनी जिन्यात एकाला सांगितली. तिथेच चुकलं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं. वरच्या मजल्यावर एक तरुण भाडेकरू होता. तो व्यायामशाळेत लोकांना वजनं उचलायला शिकवायचा, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणत. शरीर थकल्याशिवाय झोप नाही, असं सांगून तो इन्स्पेक्टरांना पहाटेपासून जिना चढायला-उतरायला लावू लागला. त्यामुळे इन्स्पेक्टरांचे पाय इतके दुखायला लागले की झोप जी काही येत होती तीही गेली. सगळ्यांत वर निवृत्त मुख्याध्यापिका राहत. त्यांना सगळे बाई म्हणत, आणि अजूनही त्यांच्यासमोर कोणी खिशात हात घालून उभं राहत नसे. बाईंनी जुन्या स्नेहसंमेलनांतली आपली भाषणं वाचून दाखवायचं मान्य केलं. तिसऱ्या भाषणात बाई स्वतः झोपल्या आणि इन्स्पेक्टर त्यांना उठवावं की नाही या विवंचनेत दुपारपर्यंत ताटकळत बसून राहिले.

घरातली वेळही सरकवण्यात आली. सकाळ ही दुपार आहे असं इन्स्पेक्टरांच्या पोटाला पटवायचं म्हणून बायको उजाडताच जेवण वाढू लागली. घाईत भाजीत मीठ दोनदा पडायचं, कधी अजिबात पडायचं नाही. जेवल्यावर पडदे ओढून ती घड्या घालायला बसायची, पण इन्स्पेक्टरांचं चित्त थाऱ्यावर नसायचं. झोप येतेय का, आली का, किती आली, हेच ते आतल्या आत मोजत बसत. मोजायला लागलं की ती पळून जाई. तिचं बोलणं त्यांच्या कानांवरून नुसतं वाहून जाई. शेवटी तर त्यांची खरीखुरी दुपारची झोपही गेली, आणि तिच्याबरोबर दिव्यांची फुलं आणि दोन चंद्रही गेले. इन्स्पेक्टरांना एकदम म्हातारं वाटायला लागलं.

मग तळमजल्यावरचा गादीवाला पुढे आला. इमारतीच्या खालीच त्याचं गाद्यांचं दुकान होतं, काचेच्या मोठ्या खिडकीचं. दोष माणसात नसून अंथरुणात आहे, असं त्याचं सगळ्याच बाबतींत मत असायचं. दुकानातली सगळ्यांत भारी गादी त्याने उसनी देऊ केली. पैलवानाने खालचं टोक धरलं, इन्स्पेक्टर मधे, गादीवाला मागून सूचना द्यायला. पहिल्या वळणावर गादी अडकली. पुढे जाईना, मागे येईना. इन्स्पेक्टर गादी आणि भिंत यांच्यामधे उभेच्या उभे चेपले गेले. फक्त त्यांचा एक हात बाहेर होता. वरून बाई बँकेत जायला निघालेल्या, त्या पायरीवर खोळंबल्या. दार उघडून बायको बाहेर आली आणि गादीवरून डोकावणाऱ्या पैलवानाला म्हणाली, की सिलिंडर आतच आणून ठेवा. पैलवान म्हणाला, वहिनी, मी आहे. ती हसली आणि म्हणाली, हो की, अंधारच किती आहे इथे. जिन्यातला दिवा मात्र लागलेला होता.

सुटका होईपर्यंत करायचं काय, म्हणून वयावर हप्ता घ्यावा की नाही यावर चर्चा झाली. पैलवान म्हणाला, की राग मानू नका, पण मी आजारी पडत नाही, माझा पगार एवढासा, मग तुमच्या सगळ्यांच्या गुडघ्यांचे पैसे मी का भरायचे? वरच्या पायरीवरून बाईंनी त्याला विचारलं, की तू गोवर आणि कांजिण्या घेऊन शाळेत यायचास तेव्हा तुझे कोण भरत होतं? मी तुमच्या शाळेत नव्हतोच, असं पैलवान म्हणाला. मुद्दा तो नाही, असं बाई म्हणाल्या. पुढे त्या असंही म्हणाल्या की म्हातारपण हा काही गुन्हा नाही, दंड कसला लावता? पैलवान म्हणाला, की तरुणपण हाही गुन्हा नाही. यावर बाईंनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, कारण ते खरं होतं. गादीवाल्याने खालून आपला दाखला दिला. म्हातारी माणसं गादीवर जास्त वेळ असतात, गादी त्यांच्याने लवकर बसते, पण म्हणून मी त्यांच्याकडून जास्त घेतो का? तू सगळ्यांकडूनच जास्त घेतोस, असं बाई म्हणाल्या.

गादीच्या आत इन्स्पेक्टरांना चहूबाजूंनी मऊ लागत होतं. सगळ्यांचे आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखे वाटत होते. कित्येक दिवसांनी त्यांच्या पापण्या जड झाल्या. पैलवानाचं बरोबर, बाईंचंही बरोबर, मग हप्ता कोणाचा चुकीचा, असा एक विचार त्यांच्या डोक्यात सावकाश तरंगायला लागला, आणि नेमकी तेव्हाच पैलवानाने जोर लावून गादी सोडवली.

त्या भारी गादीवरही झोप आली नाही. फेरतपासणीच्या सकाळी इन्स्पेक्टर लाल डोळ्यांनी केंद्रात पोहोचले. एजंट बाहेर बाकावर बसून पाय हलवत होता. निळे पडदे तेच, गुणगुण तीच. तपासनीस बाईंनी चिमटा आणि पट्टा लावला. आधीच नाडी दाखवून मोकळी झालेली बायको स्टुलावर बसली. शर्टाची घडी घातली गेली. इन्स्पेक्टरांनी डोळे मिटले आणि तिने सुरुवात केली.

समोरच्या घरातलं भांडण मिटलं होतं. पंक्चरवाल्याने दुकानाला रंग दिला होता. कोणाच्या तरी गॅलरीतली कुंडी पडून फुटली होती. इथे इन्स्पेक्टरांनी "हं" म्हणायची वेळ झाली होती, म्हणून त्यांनी ते म्हटलं. पण झोप आली नाही. भीतीने ते टक्क जागे होते. आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी चौथं वाक्य ऐकलं.

"काल संध्याकाळी दिवे लागले ना," बायको सांगत होती, "तेव्हा फुलं आणखी मोठी झाली होती. आता कड्याला कडं लागतं. आणि चंद्र दोनच्या दोन. मला वाटलं होतं, एक कमी होईल."

इन्स्पेक्टरांनी डोळे उघडले. हे त्यांचं होतं. हे तर त्यांचं स्वप्न होतं.

"हे तुला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

बायको दचकली. इतक्या वर्षांत त्या खुर्चीतून प्रश्न कधी आला नव्हता.

"काय?"

"फुलं. दोन चंद्र. बिनचेहऱ्याची माणसं."

"सांगायचंय कोणी? मला दिसतं तसं," ती म्हणाली. "रोज सांगते की तुम्हाला. झाडाचा धूर होतो म्हटलं, माणसं चालीवरून ओळखते म्हटलं, सुईत दोरा बाईंकडून ओवून आणते म्हटलं. तुम्ही हं म्हणालात. मला वाटलं, बघू म्हणताय. मग चहाच्या वेळी तुम्ही मलाच ते स्वप्न म्हणून सांगायला लागलात. इतकं छान सांगत होतात, म्हटलं जाऊ दे."

यंत्र टुकटुक करायला लागलं. इन्स्पेक्टरांना चहातलं मीठ आठवलं, जिन्यातला लागलेला दिवा आठवला, सिलिंडर आठवला. हिच्या डोळ्यांवर पडदा चढत होता आणि आपण खुर्चीत पडून त्याचं कौतुक करत होतो. हिने "मला काय होतंय" म्हणून नाव काढायला सांगितलं, आणि काय होतंय ते ती रोज दुपारी, घड्या घालता घालता, आपल्याला सांगत होती. त्यांना रडू आलं, आणि इतरांसमोर रडायची सवय नसल्यामुळे ते चुकीच्या पद्धतीने, शिंकल्यासारखे रडले. ते ताडकन उठून बसले. पट्टा निसटला, चिमटा लोंबायला लागला आणि यंत्राने शंख केला.

तपासनीस बाई धावत आल्या. पडद्यावर त्र्याहत्तर आलं होतं. त्या चांगल्या मनाच्या होत्या. हे धरू नका, म्हणाल्या, काहीतरी धक्का बसलेला दिसतोय, जरा पाणी प्या, शांत व्हा, मी पुन्हा घेते. बायकोही म्हणाली, पडा की परत, मी सांगते काहीतरी. बाहेरून एजंट काचेला नाक लावून हात जोडत होता.

इन्स्पेक्टरांनी चिमटा काढून नीट ट्रेमध्ये ठेवला. आयुष्यभर ज्या आवाजात त्यांनी दुकानदारांना निकाल सांगितला होता, तो आवाज त्यांना परत सापडला.

"माप बरोबर आहे," ते म्हणाले. "लिहा. त्र्याहत्तर. आणि दोन्ही नावं राहू द्या."

तिथून ते बायकोला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. जिना उतरताना त्यांना पहिल्यांदा जाणवलं, की ती पायरी पायाने चाचपून मग वजन टाकते. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलाय, इतके दिवस काय करत होतात? इन्स्पेक्टरांनी खाली मान घातली आणि खरं ते सांगितलं. झोपलो होतो, म्हणाले. डॉक्टरांना तो विनोद वाटला.

जुनी पॉलिसी असल्यामुळे दोन्ही डोळ्यांचा खर्च कंपनीने विनातक्रार दिला. इन्स्पेक्टरांनी ती मलमपट्टीची गोष्ट पुन्हा कोणाला सांगितली नाही. पण त्र्याहत्तरचा हप्ता तर सहासष्टपेक्षाही भारी होता, आणि पेन्शनीतून तो दरवर्षी काढायचा म्हणजे कशावर तरी पाणी सोडावं लागणार होतं. कशावर, याचा विचार करत ते उसनी गादी परत करायला गेले. या वेळी ती पैलवानाने एकट्यानेच उचलून आणली. गादीवाला आतल्या बाजूला पोचपावती लिहायला गेला. इन्स्पेक्टर खिडकीच्या आत मांडलेल्या गादीवर जरा टेकले. बायकोच्या दुसऱ्या डोळ्याची पट्टी आदल्या दिवशीच निघाली होती, सगळं सुखरूप झालं होतं, दुपारची वेळ होती. टेकताच त्यांची कित्येक दिवसांची थकलेली झोप आली आणि त्यांना घेऊन गेली.

उठले तेव्हा काचेबाहेर माणसं जमलेली होती. एका बाईंच्या डोळ्यांत तर पाणी होतं. एवढी गाढ, एवढी समाधानी झोप त्यांनी म्हणे मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिली नव्हती. तेवढ्यात गादीवाल्याच्या दोन गाद्या खपल्या होत्या. त्याने तिथल्या तिथे इन्स्पेक्टरांना नोकरी देऊ केली. रोज दुपारी खिडकीत येऊन झोपायचं.

इन्स्पेक्टरांना अपमान वाटला. तो दोन दिवस टिकला. मग त्यांनी अटी घातल्या. हुद्दा गादी निरीक्षक असा असावा, अंगावर इस्त्रीचे कपडे असावेत, आणि शेजारी एक स्टूल असावं.

आता रोज दुपारी ते काचेआड उशीवर डोकं टेकून पडतात. बायको स्टुलावर बसून दुकानातल्या अभ्र्यांच्या घड्या घालते आणि रस्त्याकडे बघत बोलते. तिला आता समोरच्या पाटीवरची बारीक अक्षरंसुद्धा दिसतात. पंक्चरवाल्याने दिलेला रंग हिरवा नसून निळा आहे, पैलवानाच्या हनुवटीवर तीळ आहे, बाई वाटतात त्यापेक्षा बऱ्याच म्हाताऱ्या आहेत आणि तुम्हीही, असं सगळं ती सांगते. दिवे आता नुसते दिवे आहेत. फुलं गेली हो, ती एकदा म्हणाली, आणि त्यात जरासं वाईट वाटणं होतं.

बाहेर लोक थांबून इन्स्पेक्टरांच्या झोपेकडे बघतात. गादीवाल्याचा धंदा जोरात आहे. हप्त्याची सोय झाली आहे. फक्त एक गोष्ट इन्स्पेक्टरांना टोचत होती, आणि ती त्यांनी प्रामाणिकपणे मालकाच्या कानावर घातली. मी झोपत नाही, ते म्हणाले, मी ऐकत असतो. हे गिऱ्हाइकाला खोटं माप दिल्यासारखं होतं. गादीवाल्याने थोडा विचार केला आणि डोळे मिटलेले असले की आपला सौदा पुरा, असा निर्वाळा दिला. तेवढं एक मधेमधे बोलणं बंद करा, म्हणाला, झोपलेली माणसं बोलत नाहीत.

इन्स्पेक्टरांनी कबूल केलं. त्याच दुपारी बायकोची घडी घालता घालता दोन वाक्यं झाली, तिसरं झालं. काचेबाहेर एक नवीन जोडपं गादी न्याहाळत उभं होतं. ती बोलता बोलता थांबली आणि सवयीने "हं" ची वाट बघायला लागली.

इन्स्पेक्टर गाढ झोपेतल्या माणसासारखे निपचित पडले होते. डोळे मिटलेले, श्वास संथ.

"मग?" त्यांनी विचारलं. "पुढे काय झालं?"